भारत कुणाला द्यायचा

मंदा, सकाळपासून मी नुसती आत-बाहेर करतेय. चहा ठेवला तो उतू गेला, ओटा पुसला, परत चहा ठेवला, आणि तो प्यायचाच राहिला. भाऊजी थोडे दिवस लेकीकडे गेलेत, त्यामुळे तुझ्या दाराला कुलूप आहे. आमचं दार उघडलं की समोर ते कुलूप दिसतं आणि मला राग येतो. कुणाचा ते विचारू नकोस. तुझाच. ह्या घरात मी थोरली जाऊ. वाण असो, पंगतीतलं पान असो, पहिला मान ताईंचा, हे तूच सगळ्यांना ठणकावून सांगायचीस. मग जाताना कुठे गेला तो मान? भांडी घासता घासता खाली बसलीस, "ताई, जरा पाणी द्या" म्हणालीस, आणि मी पेला भरून आणेपर्यंत सगळं झालं होतं. मी पेला धरून उभी. अशी चेष्टा करतात का कोणी?

काल आपल्या मॅचेस झाल्या. तुझ्याशिवाय झाल्या. काय झालं ते तुला सांगायचंय, म्हणून तर बसलेय लिहायला. पण सरळ सांगता येत नाही, कारण त्यात आपलं भांडण आहे, आणि ते अर्धवट टाकून तू निघून गेलीस.

दहाव्याला आलेल्या बायका कुजबुजत होत्या, मंदाला ह्या वयात फुटबॉलचं खूळ कुठून लागलं. मी ऐकलं आणि मग बसले सांगत. सांगायला मजा आली, खोटं कशाला बोलू. म्हटलं, आमच्या मंदाने तोपर्यंत फुटबॉल हातात धरलेला नव्हता. आनंदनगरला कंपनीत पॅकिंगला होती, आठवडाभर खोकी आणि टेप, रविवारी मटण. एका फेब्रुवारीत माझा निलेश मोबाइलवर मॅच बघत होता. भारताच्या बायकांची टीम, लांब कुठल्यातरी देशात. मंदा पोळ्या लाटायला माझ्याकडे आली होती. मान वळवून तिने बघितलं आणि विचारलं, "बघायला कोणीच कसं नाही रे? खुर्च्या सगळ्या रिकाम्या."

निलेशने सांगितलं, "काकू, ही इन्व्हिटेशनल आहे. दरवर्षी असते. चार देशांच्या टीम बोलावतात, त्या आपापसात खेळतात. वर्ल्ड कप थोडीच आहे, फ्रेंडलीसारखंच, कोण येणार बघायला?"

"म्हणजे पोरींना आमंत्रण देऊन एवढ्या लांब नेलंय?"

"हो."

"आणि यजमान स्वतः मांडवात नाही?"

तुझं लाटणं तसंच हातात राहिलं. पोळी तव्यावर करपली, ती मी खाल्ली. त्या दिवसापासून तू ठरवलंस की बोलावणाऱ्यांना नसेल लाज, पण आपल्या घरच्या पोरी पाहुण्या म्हणून गेल्यात तर घरातलं कोणीतरी बघायला हवं. मग दर फेब्रुवारीला आपलं ते सुरू झालं. पोह्यांच्या डब्याला मोबाइल टेकवायचा, तू शिफ्ट बदलून घ्यायचीस, आणि राष्ट्रगीत लागलं की हात कणकेचे असले तरी उभं राहायचं. मला गुडघ्यांमुळे उठवत नसे, तर तू म्हणायचीस, "ताई, तुम्ही मनातल्या मनात उभ्या राहा." किती तोंडाळ होतीस. पण ज्या खेळाचं मला ओ की ठो कळत नव्हतं, त्यासाठी मी वर्षभर फेब्रुवारीची वाट बघायला लागले, हे खरं. नवरा गेल्यावर मी कशाचीच वाट बघत नव्हते. हे तुला कधी बोलले नाही. बोलायला हवं होतं, पण तू लगेच डोक्यावर बसली असतीस.

एवढ्यावर थांबली असतीस तर ती मंदा कसली. पुढच्या वर्षी म्हणालीस, आपणही करू निमंत्रितांची. इथे, शिरगावच्या मोकळ्या प्लॉटवर. टीमही तूच ठरवल्यास. हेंद्रेपाड्याच्या आपल्या बायका, शिरगावच्या बायका, तुझ्या कंपनीच्या मुली आणि बारवी धरणाकडच्या आदिवासी वाडीवरच्या पोरी. अर्ज नाही, फी नाही. आमंत्रण गेलं तरच यायचं आणि गेलं की यायचंच. ते द्यायला तू वाटीत अक्षता घेऊन दारोदार जायचीस, कप्तानाला हळदीकुंकू लावायचीस, हातावर सुपारी ठेवायचीस. कंपनीची कप्तान विधवा होती, ती मागे सरकली, तर तू तिची हनुवटी धरून कुंकू लावलंस आणि म्हणालीस, "कप्तान ती कप्तान." मी तेव्हा दारातच उभी होते. माझ्या कपाळाकडे तू मुद्दाम बघितलं नाहीस, पण घरी आल्यावर कुंकवाचा करंडा माझ्या ओट्यावर ठेवून गेलीस. तो अजून तिथेच आहे आणि मी रोज लावते.

टीमना नावं देशांची. त्या वर्षी टीव्हीतल्या स्पर्धेत जे देश, तेच आपले. टी-शर्ट छापायला आपण उल्हासनगरला गेलो होतो तेव्हा तो सेठ कसा गोंधळला होता. "भाभी, ये एस्टोनिया किधर आया? उधर माल जाता है क्या?" तू त्याला म्हणालीस, "माल नाही जात सेठ, हमारी शिरगाव की औरतें जायेंगी." त्याने कपाळाला हात लावला, पण रेट बरोबर लावला.

आणि तिथेच आपण माती खाल्ली. चार देशांत भारतही होता. आपण चारही चिठ्ठ्या टाकल्या, आणि भारत निघाला हेंद्रेपाड्याला. कुणाच्या डोक्यात आलं नाही की पुढे काय होईल. मॅच सुरू झाली आणि सगळं मैदान "इंडिया, इंडिया" ओरडायला लागलं. शिरगावचे लोकसुद्धा. गोलमध्ये उभी होती शिरगावची संगीता, आणि तिच्यावर गोल झाला तेव्हा तिची सख्खी सासू उठून टाळ्या वाजवत होती. नवऱ्याने शिटी मारली. पोरगं तिरंगा घेऊन धावलं. मॅच संपल्यावर संगीता गोलपोस्टजवळ बसून रडली आणि म्हणाली, "मी काय दुश्मन आहे का यांची?" आपल्याला आधी हसू आलं आणि मग अजिबात आलं नाही. त्या संध्याकाळी तू नियम केलास. भारत कुणालाच द्यायचा नाही. त्या चिठ्ठीऐवजी नेपाळ घालायचं. ते निळे टी-शर्ट तू धुतलेस, इस्त्री केलेस आणि कपाटात ठेवून दिलेस.

नियम चांगला होता. मी पण मान डोलावली होती. दोन-तीन वर्षं सगळं सुरळीत चाललं.

मग गेल्या वर्षी तू वाडीवर आमंत्रण घेऊन गेलीस आणि सुकरीने सुपारी घेतली नाही. सुकरी वाडीची कप्तान. आश्रमशाळेत फुटबॉल शिकलेली, आता शिरगावात नव्या बिल्डिंगांच्या कामावर असते. मी तुझ्याबरोबर होते, त्यामुळे तिचे शब्द मला तोंडपाठ आहेत. ती म्हणाली, "काकू, दरवरसाला आमी भायेरच्या. कदी कोसोवो, कदी कोन. यंदा आमाला भारत द्या."

तू म्हणालीस, "भारत कुणालाच देत नाही गं. नियम आहे."

"तुमची पयली मॅच झाली तवा दिला व्हता की हेंद्रेपाड्याला. आमीच इथल्या पयल्या, आन आमालाच आमंत्रन देता. पाव्हन्याला देतात आमंत्रन."

तू वाटी पदराखाली घेतलीस आणि उतरलीस खाली. गेल्या वर्षी तीनच टीम खेळल्या. वाडी आली नाही.

तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि वर्षभर चाललं. मी म्हणत होते, देऊन टाक. एक दिवसाचं नाव, त्याने काय बिघडतंय. पोरी हक्काने मागतायत. तू म्हणायचीस, त्यांना दिलं तर बाकीच्या संगीतासारख्या रडतील. मी म्हणायचे, रडू दे, एक दिवस त्यांच्या बाजूने मैदान ओरडलं तर काय होतंय. भाजी निवडताना भांडलो, गच्चीवर पापड घालताना भांडलो, निलेशच्या लग्नाच्या बोलणीत पाहुण्यांसमोर हळू आवाजात भांडलो. निलेश म्हणायचा, "अरे यार, तुम्ही दोघी फिफावाल्या झालात." आणि यंदा संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिळाचा पाक चढलेला असताना तू एकदम चमचा खाली ठेवलास. एरवी मला 'तुम्ही' म्हणणारी तू, खरी चिडलीस की 'तू'वर यायचीस.

"ताई, तुला कळत नाही मी काय म्हणतेय. मैदान त्यांच्या बाजूने ओरडेल म्हणून मी घाबरत नाहीये. नाही ओरडलं तर? अंगावर भारत लिहिलेलं असेल आणि लोक ओरडतील हेंद्रेपाडा, हेंद्रेपाडा. मग? त्या पोरींची तोंडं बघवणार आहेत तुला?"

मी पाकच ढवळत राहिले. पाक जास्त शिजला, लाडू दगडासारखे झाले, निलेशने एक खाऊन दात धरला. मी मनाशी म्हटलं, दोन दिवसांनी सुचेल काहीतरी, मग बघते हिला. सुचलं नाही, आणि महिना संपायच्या आत तू गेलीस. त्या लाडवांतले दोन अजून डब्यात आहेत. टाकवत नाहीत आणि खाववत नाहीत.

तुझ्या माघारी सगळे म्हणाले, यंदा राहू दे. शेजारची रेखा म्हणाली, घरात वर्ष झालेलं नाही, अक्षता कशा वाटणार? ते बरोबरच होतं. पण मला घरात बसवत नव्हतं, मंदा. टीव्हीवर, म्हणजे मोबाइलवर, आपल्या पोरींची मॅच लागली. मी डब्याला टेकवून बसले. राष्ट्रगीताला उभी राहिले, गुडघे धरून राहिले, आणि मग बसवेचना. पहिला हाफ मी स्वयंपाकघरातून गॅलरीत आणि गॅलरीतून स्वयंपाकघरात करत होते. तू कशी "अगं पास दे, पास दे, नवऱ्याची कमाई आहे का ती धरून ठेवायला" म्हणून ओरडायचीस. घर इतकं गप्प होतं की मला त्या परदेशातल्या पंचाची शिटी घुमल्यासारखी वाटली. मी मोबाइल बंद केला. आपल्या पोरी खेळत असताना बंद केला, आणि तसाच घेऊन तुझ्या घरात गेले. किल्ली होतीच माझ्याकडे. साड्यांचं काम राहिलं होतं, त्या निमित्ताने कपाट उघडलं.

निळे टी-शर्ट वरच्याच कप्प्यात होते. डांबरगोळ्या घालून, नीट घड्या. मधे एकदा परत धुतलेले दिसले. का गं? नुसते जपत होतीस, की मनात काही दुसरं होतं? मी ते सगळे पलंगावर काढले आणि तुझ्यावर इतकी भडकले की काय सांगू. एक शब्द बोलून गेली असतीस तर माझं अर्धं ओझं गेलं असतं. हो म्हणाली असतीस तर दिले असते, नाही म्हणाली असतीस तर भांडून दिले असते. आता जिंकायचं कुणाशी? तुझं तोंड बंद आहे म्हणून मी जिंकले, असं कसं म्हणू?

तरी मी गेले वाडीवर. निलेशला म्हटलं, गाडी काढ. पिशवीत टी-शर्ट होते. हातात वाटी नाही, सुपारी नाही, तसंच रिकामं जाणं मला फार लागलं. वाटभर अवघडून बसले होते. सुकरी घरासमोर भात पाखडत होती. मी लांबूनच सांगून टाकलं, "सुकरी, अक्षता नाही आणल्या गं. मंदा गेली. घरात वर्ष नाही झालं, आम्हाला आमंत्रण देता येत नाही."

तिने सूप खाली ठेवलं. तुझं तिला कळलेलं होतं, बांधकामावर कुणीतरी सांगितलं होतं. मग म्हणाली, "बरं झालं नाय आनल्या. निस्तं या म्हना. घरच्याला काय अक्षदा लागतात?"

"या," मी म्हटलं, आणि पिशवी तिच्याकडे दिली. तिने एक शर्ट उलगडला, छातीवरचं नाव वाचलं, परत घडी घातली. चहा झाला, गुळाचा. परत येताना निलेशच्या फोनवरून बाकीच्या टीमनाही नुसतं 'या' म्हणून कळवलं. वळणावळणाला तुझा प्रश्न आठवत होता. हे मी केलं होतं, आता काय होईल ते माझ्या डोक्यावर.

काल काय झालं ते ऐक आता.

हेंद्रेपाडा विरुद्ध वाडी. आपल्या बायका कोसोवो, वाडी भारत. पोरी निळ्या शर्टात उतरल्या तेव्हा कडेला बसलेली बारकी मुलं सवयीने ओरडली, "इंडिया, इंडिया." माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, मंदा, बघ, हरलीस. एवढ्यात मागून कुणीतरी बाप्या मुलांना म्हणाला, "अरे, ती वाडीची टीम आहे. आपली ती बघ, लाल." आणि मुलं गप्प झाली. नुसती गप्पच नाही, थोड्या वेळाने तीच "हेंद्रेपाडा, हेंद्रेपाडा" करायला लागली. मग सगळेच. रेखा तर उभी राहून. कुणाच्या मनात वाकडं नव्हतं, आपापल्या घरच्यांसाठी ओरडत होते लोक. पण तू म्हणालीस तसंच झालं, अगदी शब्दाला शब्द. पहिल्या वर्षी हेंद्रेपाड्याने तोच शर्ट घातला तर शिरगावच्या सासवा देखील उठून नाचल्या होत्या. तोच शर्ट, मंदा.

मला बसवेना. उठले आणि ओरडायला लागले. एकटीच. "भारत, भारत", मग "सुकरी, पुढे जा", मग तुझं ते नवऱ्याच्या कमाईचं, जे येईल ते. घसा बसला. रेखा म्हणाली, "ताई, तुम्ही कुणाकडच्या? आपल्या बायका तिकडे आहेत." मी म्हटलं, आहेत त्या आहेत, मला माहीत आहे. ती तोंड वाकडं करून लांब जाऊन बसली. एक महिना तरी बोलणार नाही आता.

हाफटाइमला सुकरी पाणी प्यायला माझ्याजवळ आली. मी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते. तिने बाटली तोंडाला लावली, चूळ भरली आणि म्हणाली, "तुमीच वरडत व्हत्या ना? चुकीच्या टायमाला वरडता. आमी मागं येत असतो आन तुमी म्हनता फुडं जा. नका वरडू, ध्यान जातं."

एवढंच. मग मी तिच्याकडे नीट बघितलं. घाम, धूळ आणि पायाला लागलं होतं त्याचा राग. बाकीच्या सहा जणींकडे बघितलं. एक बुटाची नाडी बांधत होती, दोघी आपसात कुणी कुणाला धरायचं त्यावर कडाकडा भांडत होत्या, अगदी आपल्यासारख्या. लोक काय ओरडतात तिकडे एकीचंही लक्ष नव्हतं. मी आणि तू वर्षभर त्यांची तोंडं कशी होतील ह्यावरून डोकं फोडत होतो, आणि त्यांना ते सगळं आधीपासून ठाऊक होतं. मैदान कुणासाठी ओरडणार हे काय आपण त्यांना सांगायचं? ते माहीत असूनच त्यांनी नाव मागितलं होतं. मला रडू यायला लागलं, तर मी पाण्याचे ग्लास गोळा करायला लागले.

वाडी एका गोलाने हरली. मुलं नाचली, आपल्या बायकांनी एकमेकींना उचललं, संगीताने मधे येऊन सुकरीला मिठी मारली. कंपनीच्या मुलींनी सगळ्यांना पाव-भाजी वाढली. संध्याकाळी लोक पांगले तशी सुकरी माझ्याकडे आली. शर्ट परत करायला आलीय असं वाटून मी पिशवी पुढे केली. तिने पिशवी बघितली पण शर्ट काढला नाही.

म्हणाली, "काकू, फुडच्या वरसाला आमच्याकडं. वाडीवर मैदान हाये, भात काढला की मोकळंच. समद्यांनी यायचं, जेवान आमचं."

मी म्हटलं, "चालेल की."

"भारत आमीच ठेवनार. तुमी कोन व्हनार ते ठरवा."

ती उभी राहिली उत्तराची वाट बघत. बाकीच्या पोरी टेम्पोत चढत होत्या, निलेश गोलपोस्टचे बांबू उपटत होता. मला काहीतरी बोलणं भाग होतं, आणि तोंडातून सवयीने निघून गेलं, मंदा.

"मंदाला विचारून सांगते," मी म्हटलं.

सुकरी हसली नाही की चुकचुकली नाही. "बरं," म्हणाली, "विचारा."